एकवीस की वीस एक, हे ठरवणार कोण? महाराष्ट्रातील कुलगुरूंना अनावृत पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे सन्माननीय कुलगुरू यांस,



जून २०१९ मध्ये बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक शाळांत पोचले आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. एकवीस, बावीस, त्रेपन्न या नेहमीच्या वाचनाबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’, ‘पन्नास तीन’ असेही वाचन त्या पुस्तकात दिले होते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका स्पष्ट केली. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना जड जातात, इंग्रजीत आणि दक्षिणेतल्या भाषांत संख्या लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एकच असतो, आणि जुनी नावे काही कुणी रद्द केलेली नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांना ही भाषेची मोडतोड वाटली. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, विधिमंडळात नावांवरून कोट्या झाल्या, मोबाइलवर विनोदांना ऊत आला आणि यथावकाश सगळे शांत झाले. या गदारोळात चर्चेच्या मध्यभागी जे यायला हवे होते ते आले नाही. मराठी माध्यमातल्या सात वर्षांच्या मुलांसमोर दोन्ही पद्धती ठेवून, नीट मोजून काढलेला निष्कर्ष कुणाच्या हाती नव्हता. दोन्ही बाजूंकडे मते होती आणि ती तळमळीची होती, पण पुरावा कुणाकडेच नव्हता. तो का नव्हता, या प्रश्नाचे उत्तर बालभारतीकडे नसून आपल्या विद्यापीठांच्या पीएच.डी. विभागांकडे आहे, असे माझे म्हणणे आहे. हे पत्र त्यासाठीच.

आधी प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते पाहू. ‘पस्तीस’ म्हटले की मुलाच्या कानावर आधी पाच पडतात आणि मग तीस; वहीत मात्र आधी तीन लिहायचे असतात. त्यामुळे ३५ च्या जागी ५३ लिहिणारे मूल वर्गावर्गात दिसते. ‘आठशे सत्तेचाळीस’ ऐकताना तर कान शतकावरून थेट एककावर उडी मारतो आणि मग मागे दशकावर येतो. ही झाली क्रमाची अडचण. दुसरी अडचण नावांच्या अनियमितपणाची. बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न यांत ‘वन्न’, पण त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न यांत ‘पन्न’. सत्तर म्हणताना ‘स’, पण एक्काहत्तरपासून पुढे ‘ह’. प्राकृतातून मराठीत येताना झालेल्या ध्वनिबदलांनी या रूपांचा उलगडा होतो, पण दुसरीतल्या मुलाला तो उलगडा ठाऊक नसतो. त्याला शंभरेक नावे जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात. तिसरी अडचण वजाबाकीची. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या आठ नावांत पुढच्या दशकाचे नाव ऐकू येते आणि लिहायचे असते मागच्या दशकातले: ऐकायचे साठ, लिहायचे ५९. नव्व्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही. आता या तीन अडचणींपैकी मुलाला नेमकी कोणती नडते? क्रमाची नडत असेल तर ‘वीस एक’ हा उपाय बरोबर. अनियमितपणा नडत असेल तर क्रम तोच ठेवून नावे शिकवण्याची रीत बदलूनही भागेल. वजाबाकी नडत असेल तर आठ संख्यांपुरता वेगळा उपाय पुरेल. निदान झाल्याखेरीज औषध द्यायचे की नाही हे ठरवता येत नाही, आणि २०१९ मध्ये आपण निदानाआधीच औषधावर भांडलो.

असे निदान करता येते, हे इतर देशांनी दाखवले आहे. जर्मन भाषेतही मराठीसारखे एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. संख्या ऐकून लिहिताना मुलांच्या ज्या चुका झाल्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या या उलट्या क्रमाशी निगडित होत्या, आणि त्यांचा संबंध मुलांच्या कार्यकारी स्मृतीच्या क्षमतेशी होता. चेक भाषेत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. तिथल्या मुलांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच मुलाला एकाच भाषेत दोन्ही रूपांनी संख्या सांगितल्या, तेव्हा उलट्या रूपाने जास्त घोळ झाले. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी पातळीवर क्रमच बदलला; टेलिफोनचे क्रमांक सांगताना होणारा गोंधळ हे त्याचे एक मोठे कारण होते. हे सगळे नारळीकरांच्या बाजूचे पुरावे वाटतील आणि काही अंशी ते आहेतही. पण ते जसेच्या तसे मराठीला लावता येत नाहीत. जर्मन नावे उलटी असली तरी नियमित आहेत. मराठी नावे उलटीही आहेत, अनियमितही आहेत. शिवाय मराठी मुलाला वर्गात ‘पन्नास तीन’ शिकवले तरी घरात, दुकानात आणि एसटीत ‘त्रेपन्न’च ऐकू येणार. त्यामुळे खरा प्रश्न ‘कोणते सोपे’ एवढाच उरत नाही. दोन्ही शिकण्याचा भार आणि एका सोप्या रूपाचा फायदा, यांतले जास्त काय, हा तो प्रश्न आहे. त्यात जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांत मुलांची घरची भाषा गोंडी, कोरकू, भिली किंवा अहिराणी आहे, तिथे उत्तर आणखी वेगळे निघू शकते. म्हणजे हा अभ्यास इथेच, मराठीतच करावा लागेल. तो करणाऱ्याला संख्यानामांचे भाषाविज्ञान माहीत हवे, मुलांच्या स्मृतीचे आणि अवधानाचे मानसशास्त्र माहीत हवे, प्रयोग आखता आणि आकडे तपासता यायला हवेत, आणि गणिताचा तास कसा चालतो हेही ठाऊक हवे. असा माणूस आपले कोणते विद्यापीठ घडवते?

अशी माणसे घडवण्यासाठीच जगात एक विद्याक्षेत्र उभे राहिले. कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजेच बोधविज्ञान, हे त्याचे नाव. सप्टेंबर १९५६ मध्ये एमआयटीत माहिती सिद्धांतावर एक परिसंवाद भरला. तिथे अॅलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेये सिद्ध करणारा संगणकीय कार्यक्रम मांडला, नोम चॉम्स्की भाषेच्या रचनेवर बोलले आणि जॉर्ज मिलर यांनी अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेवरचे काम सांगितले. संगणक, भाषा आणि स्मृती हे तीन वेगळे विषय एकाच प्रश्नाकडे निघाले आहेत, हे तेव्हा उपस्थितांच्या ध्यानात आले. १९७८ मध्ये स्लोन फाउंडेशनसाठी तयार झालेल्या अहवालाने तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान, मानववंशशास्त्र, मेंदूविज्ञान, संगणकशास्त्र आणि मानसशास्त्र अशा सहा विद्यांचा षटकोन काढून या क्षेत्राची आखणी केली. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे कॉग्निटिव्ह सायन्स सोसायटीची पहिली परिषद झाली, आणि तिथल्याच यूसी सॅन डिएगो विद्यापीठात १९८६ मध्ये या विषयाचा जगातला पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला. भारतात अलाहाबाद विद्यापीठाने २००२ मध्ये बोधविज्ञानाचे केंद्र काढले. हैदराबाद विद्यापीठ, गांधीनगर आणि कानपूरच्या आयआयटी इथेही हे काम चालते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची त्यासाठी २००८ पासून स्वतंत्र योजना आहे. मुंबईत मानखुर्दला टीआयएफआरचे, १९७४ मध्ये स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, आणि विज्ञान कसे शिकले जाते यावरच्या तिथल्या पीएच.डी.ला विज्ञान, अभियांत्रिकी आणि सामाजिक शास्त्रे अशा निरनिराळ्या वाटांनी विद्यार्थी येतात. थोडक्यात, या कल्पनेत परके किंवा अशक्य असे काही नाही. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांनी मात्र तिला अजून दारात उभे केलेले नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ हा आपल्या कारभाराचा पाया. त्याने चार विद्याशाखा ठरवून दिल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथे नाव वाचून आशा वाटते. पण त्या शाखेत कोणते विषय आहेत ते पाहा: शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, शारीरिक शिक्षण वगैरे. उरलेल्या तीन खणांत न बसणारे विषय एकत्र ठेवले की ते आपोआप एकमेकांशी बोलू लागतात, असे काही होत नाही. संख्यानामांचा आपला अभ्यास घ्या. भाषाविज्ञान आणि मानसशास्त्र एका शाखेत, गणित आणि संगणकशास्त्र दुसरीत, शिक्षणशास्त्र तिसरीत. विद्यार्थ्याने ‘पेट’, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, कोणत्या विषयातून द्यायची, इथूनच पेच सुरू होतो. पुढे विषयवार संशोधन व मान्यता समितीसमोर (आरआरसी) सिनॉप्सिस जाते. मानसशास्त्राची आरआरसी विचारणार की यात मानसशास्त्र किती आणि व्याकरण किती. शिक्षणशास्त्राची म्हणणार की हा प्रयोगशाळेचा विषय आहे. भाषाविज्ञानाच्या समितीला दोनशे मुलांच्या प्रतिसादवेळेच्या संख्याशास्त्रीय तपासणीबद्दल मत द्यायला अवघड जाणार. यातला एकही आक्षेप खोडसाळ नाही. प्रत्येक समिती आपल्या विषयाची राखण करते आहे आणि ते तिचे कामच आहे. अडचण अशी की या प्रश्नाची राखण करणारे कुणीच नाही. मग गाइड वडीलकीच्या नात्याने सल्ला देतात: ‘विषय थोडा आटोपशीर करा.’ आटोपशीर करता करता भाषा गळते, किंवा प्रयोग गळतो, आणि शेवटी ‘अमुक तालुक्यातील दुसरीच्या विद्यार्थ्यांच्या गणितविषयक अभिवृत्तीचा अभ्यास’ या नावाचा प्रबंध कपाटात जातो.

सीमा ओलांडून केलेले काम काय देऊ शकते, याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले आणि शिकण्याआधी व नंतर एमआरआयने त्यांच्या मेंदूची तपासणी केली. हैदराबाद, लखनौ, लाइपझिग आणि नायमेखन इथल्या संशोधकांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. वाचनाने मेंदूच्या बाहेरच्या थरात बदल होतात हे आधी ठाऊक होते. इथे आढळले की थॅलॅमस आणि मेंदूचा देठ अशा खोलवरच्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने जुन्या भागांचा दृष्टीच्या केंद्रांशी असलेला समन्वयही बदलतो, आणि तोही तिशीतल्या माणसांत, अवघ्या सहा महिन्यांत. प्रौढ साक्षरतेबद्दल आपण जे नैतिक आवाहन करत आलो, त्याला असा भक्कम शास्त्रीय आधार मिळाला. दुसरे उदाहरण हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटचे. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार एकभाषिकांपेक्षा साधारण साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांनी २०१३ मध्ये मांडले, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. पाश्चात्त्य देशांतल्या अशा अभ्यासांवर एक आक्षेप कायम असतो: तिथले द्विभाषिक बहुधा स्थलांतरित असतात, तेव्हा फरक भाषेचा की स्थलांतराचा? हैदराबादेत तेलुगू, उर्दू आणि हिंदी एकाच गल्लीत पिढ्यानपिढ्या बोलल्या जातात, म्हणून तिथे हा आक्षेप लंगडा पडतो. पुढे या निष्कर्षावर उलटसुलट चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. पण हैदराबादचे भाषिक जीवन ही केवळ पार्श्वभूमी नसून तोच प्रयोगाचा कणा आहे, हे मज्जाविकारतज्ज्ञाला कळले, म्हणून हा अभ्यास उभा राहिला.

तिसरे उदाहरण तर आपल्या विषयाला अगदी लगटून आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजीपाला वगैरे विकणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि बालमनाच्या अभ्यासक एलिझाबेथ स्पेल्की हे त्याच्या लेखकांपैकी होते. ही मुले गिऱ्हाइकाला अवघड हिशोब तोंडी, चटकन आणि बिनचूक सांगत. पण त्याहून सोपी उदाहरणे शाळेच्या पद्धतीने मांडली की अडखळत. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचे नेमके उलटे होते: कागदावर जमायचे, बाजारात गडबडायचे. म्हणजे मुलांना गणित येत नाही हे निदानच चुकीचे होते. गणिताची दोन घरे आहेत आणि त्यांच्यात दार नाही. हे अर्थशास्त्राला एकट्याने सापडले नसते, कारण ज्ञान एका संदर्भातून दुसऱ्यात कसे जाते हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. मानसशास्त्राला एकट्याने सापडले नसते, कारण बाजारात खऱ्या गिऱ्हाइकासारखे वागून शेकडो मुलांची पाहणी करण्याचे तंत्र अर्थतज्ज्ञांकडे होते.

इथे आपल्यापैकी कुणी म्हणेल: ठीक आहे, पण ही सगळी उदाहरणे पथकांची आहेत. प्रत्येक तज्ज्ञाने आपापल्या विषयात पक्के व्हावे आणि मग एकत्र यावे, त्यासाठी पीएच.डी.चा साचा मोडायची काय गरज? हा आक्षेप वजनदार आहे. पथके लागतातच, आणि लागणारच. पण पथक जमते ते प्रश्न मांडला गेल्यानंतर. ‘मुलांना संख्यावाचन अवघड का जाते’ ही तक्रार झाली, तो अजून संशोधनाचा प्रश्न नाही. क्रम, अनियमितपणा आणि वजाबाकी या तीन गोष्टी वेगळ्या करून, प्रत्येकीसाठी योग्य संख्यांच्या याद्या बनवून, मुलाची कोणती चूक कशाकडे बोट दाखवते हे आधी लिहून ठेवणे, म्हणजे तक्रारीचा प्रश्न करणे. हे काम एकाच डोक्यात व्हावे लागते, कारण भाषाविज्ञानाला दिसणारा फरक प्रयोगात कसा उतरवायचा, हे दोन्ही भाषा येणाऱ्यालाच सुचते. आणि विद्यापीठात हे काम कोण करते? पन्नाशीतले प्राध्यापक क्वचित. बहुतेक वेळा पीएच.डी.चा विद्यार्थीच. त्याला पाच वर्षे एका खणात ठेवून मग पुढे सहकार्याची अपेक्षा करणे उशिराचे आहे.

दुसरा आक्षेप खोलीचा. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे होईल, ही भीती रास्त आहे. आंतरविद्याशाखीय या नावाखाली उथळ काम खपवले गेल्याची उदाहरणे जगभर आहेत आणि आपल्याकडेही असतील. पण यावरचा उपाय सीमा बंद करणे हा नाही; सीमेवर कडक तपासणी करणे हा आहे. विद्यार्थ्याला सहा विद्या शिकवायच्या नाहीत, दोन शिकवायच्या आहेत: एक घरची आणि एक जोडीची. घरच्या विषयात त्याच्याकडून नेहमीचीच पूर्ण अपेक्षा ठेवा. जोडीच्या विषयात त्याने एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या पातळीची लेखी परीक्षा उत्तीर्ण केल्याखेरीज प्रबंधाचे काम पुढे जाऊ देऊ नका. आज को-गाइडचे नाव कागदावर असते आणि विद्यार्थी त्यांना प्रगती अहवालावर सही घ्यायला भेटतो. त्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी कठोर आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो बोधविज्ञानाच्या आतूनच आला आहे. सॅन डिएगोचेच राफाएल नुन्येस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये एक लेख लिहिला. नियतकालिकांतले लेख आणि संदर्भ, लेखकांचे विभाग, विद्यापीठांचे अभ्यासक्रम हे सगळे तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की षटकोनाचे स्वप्न पुरे झाले नाही. सहा विद्या एकजीव होण्याऐवजी हे क्षेत्र बरेचसे मानसशास्त्राच्या अंगाने वाहत गेले, आणि विभागाविभागांच्या अभ्यासक्रमांत समान गाभाही दिसत नाही. जिथे जन्मले तिथेच हे असे, तर आपण चाळीस वर्षांनी त्याच वाटेने का जावे? माझे उत्तर असे की नुन्येस यांचा निष्कर्ष मान्य करून त्यातून धडा घ्यावा. नवा विभाग, नवी पाटी आणि नवे विभागप्रमुख यांनी एकजीवपणा येत नाही. मोठा शेजारी लहानाला गिळतो. म्हणून या पत्रात मी बोधविज्ञानाचा स्वतंत्र विभाग मागत नाही. सॅन डिएगोच्याच विद्यापीठात स्वतंत्र विभागाच्या बरोबरीने आणखी एक रचना आहे: विद्यार्थी भाषाविज्ञान, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, संगणकशास्त्र अशा एखाद्या विभागात प्रवेश घेतो, तिथल्या सगळ्या अटी पुऱ्या करतो, शिवाय दुसऱ्या विषयात ठरावीक अभ्यास करतो, समितीत दोन्हीकडचे अध्यापक असतात, आणि पदवीवर ‘भाषाविज्ञान आणि बोधविज्ञान’ असे जोडनाव येते. मुळे एका विभागात, फांदी दुसरीकडे. आपल्याला हीच रचना सोयीची आहे. एखादा विषय दुसऱ्याला गिळून टाकील अशी जागाच तिच्यात नाही, कारण एकत्र येण्याचे ठिकाण प्रत्येक वेळी एक ठोस प्रश्न असतो.

‘हे सगळे नियमांत आधीच बसते’ असे आपल्या कार्यालयातून उत्तर येईल. बसते, हे खरे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत सहमार्गदर्शक घेता येतो, तो दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलाही चालतो, आणि किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीयतेचा घोष पानोपानी आहे. पण परवानगी आणि व्यवस्था यांत फरक असतो. परवानगी असली की धडपड्या विद्यार्थी आणि उदार गाइड जमले तर काम होते; व्यवस्था असली की सामान्य विद्यार्थ्यालाही ते करता येते. ऑस्ट्रेलियाच्या संशोधन परिषदेकडे पाच वर्षांत आलेल्या १८,४७६ प्रस्तावांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. प्रस्तावात जितक्या दूरच्या विद्या एकत्र येत होत्या, तितकी त्याला निधी मिळण्याची शक्यता कमी होत होती. तिथे आंतरविद्याशाखीयतेला मनाई नव्हती, उलट तोंडभर प्रोत्साहनच होते. तरीही विषयवार बसलेल्या तज्ज्ञांच्या टेबलावर असे प्रस्ताव मागे पडत राहिले. आपल्या विषयवार आरआरसींपुढे यापेक्षा वेगळे काही घडेल असे मानायला आधार नाही.

राहिला पैशाचा आणि माणसांचा प्रश्न. विद्यापीठांत अध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, मूळ विभागच कसेबसे तग धरून आहेत, अशा वेळी ही चैन कशाला, असे विचारणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण ज्या विभागात दोन-तीनच अध्यापक उरले आहेत, तिथे एकट्याने चांगली पीएच.डी. चालवणे तसेही अशक्य झाले आहे. दोन लहान विभाग मिळून ती चालवू शकतात. महागडी यंत्रे प्रत्येक प्रश्नाला लागत नाहीत. संख्यानामांच्या अभ्यासाला लागतात वह्या, पेन्सिली, एक लॅपटॉप आणि शाळांची परवानगी. जिथे एमआरआय लागेल, तिथे लखनौच्या अभ्यासाप्रमाणे संस्थांशी करार करता येतो. पुण्यापुरते बोलायचे तर येरवड्याला डेक्कन कॉलेजचा भाषाविज्ञान विभाग, पाषाणला २००६ पासूनची आयसर, भारतीय भाषांच्या संगणनावर दीर्घ काम केलेली १९८८ ची सी-डॅक आणि गणेशखिंडीत विद्यापीठाचे मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, संगणकशास्त्र हे विभाग, एवढे सगळे एका शहरात आहे. यातून एखादी जोडपदवी उभी करायला नवी इमारत लागत नाही. नोकरीची चिंताही या रचनेत कमी होते. विद्यार्थ्याची नोंदणी घरच्या विषयात असल्यामुळे सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीतल्या ‘संबंधित विषय’ या अटीवर तो अडत नाही. शाळा, पाठ्यपुस्तक मंडळे, रुग्णालये आणि भाषातंत्रज्ञानाच्या कंपन्या यांना अशा माणसांची गरज आहेच.

तेव्हा मागणे मोजके आहे. अधिष्ठाता मंडळाने एक सामाईक संशोधन व मान्यता समिती नेमावी, जिच्यासमोर दोन विद्याशाखांत पाय असलेले सिनॉप्सिस जाईल आणि जी विषयाऐवजी प्रश्नाची तपासणी करील. अशा प्रबंधाला दोन समान दर्जाचे गाइड असावेत आणि दोघांच्या कामाची नोंद कार्यभारात सारखीच व्हावी. कोर्सवर्कच्या क्रेडिटपैकी किमान सहा दुसऱ्या विषयातून घ्यावेत आणि त्याची परीक्षा त्या विषयाच्या विभागाने घ्यावी. बाहेरच्या परीक्षकांपैकी एक एका विषयाचा आणि दुसरा दुसऱ्या विषयाचा असावा, म्हणजे व्हायवाच्या दिवशी कोणतीही बाजू लंगडी असेल तर ती तिथेच उघडी पडेल. पदवीवर दोन्ही विषयांची नावे यावीत. यांपैकी बहुतेक गोष्टी विद्यापीठाच्या एका अध्यादेशाच्या बदलाने होऊ शकतात. सुरुवात पाच विद्यापीठांनी नको, एकाने केली तरी पुरे. आणि पहिला प्रश्न कोणता घ्यावा याचीही शोधाशोध नको.

मंगला नारळीकर २०२३ मध्ये गेल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते की त्यांच्या विरोधकांचे, याचा पुराव्यानिशी निकाल अजून लागलेला नाही, आणि तरीही दर जूनमध्ये मराठी मुलांची एक नवी तुकडी दुसरीच्या वर्गात बसते. पाठ्यपुस्तक पुढच्या वेळी बदलेल तेव्हा वाद पुन्हा होईल, आणि तो व्हायलाही हरकत नाही. त्या वादात किमान एक प्रबंध टेबलावर असावा, याची जबाबदारी मात्र आपली आहे. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
विद्यापीठांकडून अपेक्षा ठेवणारा एक मराठी नागरिक